अंजिराच्या काड्या आणि आईची अट

आमच्या केडगावच्या घरामागं अंजिराचं झाड आहे. देवळालीची ऊसशेती सोडून आम्ही इथं राहायला आलो, तेव्हा आईनं ते लावलं. आता स्वयंपाकघर वाढवायचं, तर नेमकं तेच आडवं येतं. बायकोनं मिस्त्रीला बोलावलं, मिस्त्रीनं चुन्याची फक्की टाकून रेघ आखली, ती सरळ बुंध्याला जाऊन टेकली. आई म्हणाली, "तोडा की, मी कुठं न्हाई म्हन्ते? पन आधी याचं एक रोप जगवून दाखवा. मुळं दिसली की तोडा."

मला हसू आलं. उसाच्या घरातला माणूस मी. कांडी गाडायची, पाणी सोडायचं, यात काय शिकायचं? फांद्या तोडल्या, उसाच्या बेण्यासारखे दोन-दोन डोळ्यांचे तुकडे, टिपऱ्या केल्या, वाफ्यात आडव्या निजवल्या आणि वाफा तुडुंब भरला. ऊस असता तर तरारून आला असता. अंजीर कुजलं. उकरून बघितलं तर टिपऱ्या बोटानं दबत होत्या आणि वासानं तिथं उभं राहवत नव्हतं. पाणी पाजून झाड मरतं, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना.

मग मोबाईल उघडला. एक जण म्हणे काडीला हळद लावा, दुसरा म्हणे मध, तिसरा म्हणे कोरफडीचा गर. खरं कुणाचं मानायचं? मी तिन्ही लावलं आणि काड्या कुंडीत उभ्या केल्या. बायको म्हणाली, "हळद तर लागली, आता अक्षता कधी?"

थोड्याच दिवसांत काड्यांना हिरवीगार पानं फुटली. पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. मी मिस्त्रीला फोन केला, तो टेम्पोत विटा भरून हजर. आईनं येऊन एक काडी दोन बोटांत धरली आणि नुसती उचलली. ती अल्लद वर आली. खाली मुळाचा पत्ता नाही. "काडीत जे व्हतं त्याच्यावर फुटलंय ते," ती म्हणाली. "खाली काय बी न्हाई." मी त्या पानांकडं बघतच राहिलो. वर हिरवं, खाली काही नाही, मग याला जिवंत म्हणायचं की मेलेलं? दोन दिवसांत पानांनीच माना टाकल्या. विटा अंगणात पडून राहिल्या आणि बायको माझ्याशी कामापुरतं बोलू लागली.

तिसऱ्या खेपेला मी हुशारी गुंडाळून ठेवली. जून झालेली फांदी घेतली, डोळ्याच्या लगेच खाली काप दिला, निम्मी माती निम्मी वाळू घेतली. पारदर्शक बाटली कापून तिला खाली भोकं पाडली, काडी तिच्यात लावली आणि सावलीत ठेवली. पाणी ओल टिकेल एवढंच. सगळ्यात अवघड होतं ते तिला हात न लावणं. इकडं झाडावर अंजिरं पिकत होती. दुपारी आई बुंध्याशी बसायची, एखादं फोडून आत किडा आहे का बघायची आणि खायची. तिला तसं बसलेलं बघून मला बरं वाटायचं, आणि बरं वाटतं म्हणून स्वतःचाच राग यायचा. मला नक्की काय हवं होतं, स्वयंपाकघर की झाड, ते मला सांगता आलं नसतं.

एका सकाळी बाटलीच्या कडेला पांढरी मुळं दिसली. चांगली दोरीसारखी, तळापर्यंत गेलेली. आनंदानं ओरडणार होतो, पण अंगणातल्या विटा दिसल्या आणि थांबलो. तरी अट ती अट. मी बाटली आईपुढं धरली.

"कुठं हायेत मुळं?" ती म्हणाली.

"ही काय, आई!"

"मला तर न्हाई दिसत."

थोड्या वेळापूर्वीच तिनं चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवला होता. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती बाटलीकडं बघतच नव्हती, झाडाकडं बघत होती.

आतून बायकोनं विचारलं, "आली का हो मुळं?"

मी बाटली भिंतीकडं फिरवून ठेवली.

"नाही अजून," मी म्हणालो. "थांबावं लागेल."