कुणाचाच फोन वाजत नव्हता

आज सकाळी टेबलावरचा फोन थरथरला आणि लातूरची ती तंत्रज्ञान परिषद आठवली. शिकवणी वर्गांच्या नव्या ॲपबद्दल वक्ता पोटतिडकीने बोलत होता आणि सभागृह आपापल्या फोनमध्ये मान घालून बसलं होतं; बातमी पाठवत बसलेला मीही. अचानक खुर्ची थरथरली. सगळ्यांनी फोन पाहिले. कुणालाच फोन आलेला नव्हता, तरी कुणी उठलं नाही. चहा देणारी बाई मात्र किटली टाकून ओरडली, "उठा की ओ! जमीन हालायलीय!" वक्ता हसला, "मावशी, कुणाचा तरी फोन वाजतोय." "किल्लारीची हाय मी. घर गाडलं गेलंय माझं. मला नका शिकवू, भाईर चला!" तिने पहिल्या रांगेतल्या दोघांना दंडाला धरून ओढलं, तेव्हा कुठे आम्ही दाराकडे धावलो. मागे छताचा एक तुकडा रिकाम्या खुर्च्यांवर कोसळला. अंगणात पोहोचताच सगळे फोनवर शोधू लागले, भूकंप झाला का म्हणून. बाईने विचारलं, "काय म्हणतोय तुमचा फोन? झाला का?"  मी फोन खिशात टाकला. आज सकाळीही फोन उचलण्याआधी मी शेजारच्या ग्लासातलं पाणी पाहिलं.