टपरीवरचे हसले तेव्हा

अमेरिकेत, पिस्कॅटवेला आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी माझी नोकरी सुटली. बायको हॉस्पिटलात डॉक्टर होती, तिच्या पगारावर घर चालायचं. मराठी मंडळींत मात्र मी ‘कन्सल्टिंग’ करत होतो. बहुधा तिनेच एकदा कुणाला तरी तसं सांगितलं आणि मी ते तसंच राहू दिलं.

खालच्या अपार्टमेंटमध्ये एक केरळी जोडपं राहायचं. ती नर्स, आधी ती आली, मग तिने नवऱ्याला बोलावून घेतलं. तो दिवसभर घरी, मीही घरी. एका दुपारी त्याने व्हीसीआरवर मल्याळम सिनेमा लावला. मला एक शब्द कळत नव्हता. तो शेजारी बसून इंग्रजीत सांगत होता.

आपल्या हिंदी सिनेमासारखं त्यात काहीच नव्हतं. कौलारू घरं, लुंगी दुमडून चालणारे पुरुष, चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचलं जाणारं वर्तमानपत्र आणि त्यावरून राजकारणाचे वाद. नायकाची बायको आखातात नर्स होती. तिच्या कमाईवर घराला वरचा मजला चढत होता, आणि हा चहाला आला की टपरी गप्प व्हायची. एकदा एक म्हातारा काहीतरी बोलला आणि सगळे हसले. शेजारीही हसला.

मी विचारलं, काय म्हणाला?

“म्हणाला, याच्या घरी चूल हा पेटवतो आणि तांदूळ बायको पाठवते.” मग टीव्हीकडे बघतच तो म्हणाला, “गावात माझ्याबद्दलही असंच बोलतात. सिनेमावाले वेगळं काय दाखवणार?”

माझे कान तापले. तो स्वतःबद्दल बोलत होता, पण मला वाटलं, याला माझंही सगळं ठाऊक आहे. काम आहे असं सांगून, शेवट न बघताच मी वर आलो. काम कसलं, सकाळची भांडी तेवढी घासायची होती.

त्या शनिवारी मराठी मंडळींतल्या एका काकांकडे जेवायला बोलावलं होतं. पानावर बसल्यावर काकांनी कन्सल्टिंगची चौकशी केली.

“तसलं काही नाही, काका. मी घरी असतो. ही कमावते.”

काकूंचा वाढता हात क्षणभर थांबला. मग त्यांनी मला न विचारताच आणखी एक पोळी वाढली. बायको ताटाकडे बघत राहिली.

परतताना ड्राइव्ह तीच करत होती. म्हणाली, “मला आधी विचारायचंस तरी. लाज काय तुला एकट्यालाच वाटते?”

इतके महिने तिलाही लोकांपुढे मान खाली घालावी लागत असेल, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. पुढे मला नोकरी लागली. पण त्या काकांचं बोलावणं आलं की आम्ही दोघंही काहीतरी कारण काढायचो.