गाडीत सारे प्रवासी

मनसारामभाऊंना फोन केला की आधी "जयभीम" यायचं आणि लगेच प्रश्न, "प्रवासी कोन?" लाखांदूरच्या बसस्थानकावर त्यांची सारी नोकरी वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. निवृत्तीनंतर आमच्या पुनर्वसनाच्या वस्तीत येऊन त्यांनी लोकांच्या मदतीने शाळेची एक जुनी व्हॅन मिळवली, मागच्या दाराला लोखंडी उतार जोडून घेतला आणि ज्यांना एसटीची पायरी चढवत नाही त्यांच्यासाठी ती सुरू केली. कोणाला कधी, कुठून घ्यायचं, हे ओट्यावर बसून फोनवर जुळवत. कोणी "पेशंटले घेऊन जा" म्हटलं की तिथेच अडवत. "पेशंट दवाखान्यात. गाडीत सारे प्रवासी."

शुगरमुळे माझ्या आईचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा फोन केला. म्हटलं, "भाऊ, आईले गाडी लागते."

"उलट्या होतेत का? मंग समोरची खिडकी देतो."

"तसं नाही जी, गाडी पाहिजे आईले."

"तं मायलेच फोन द्या. प्रवासी सोता बोलला का घोळ होत नाही."

मला आईला मलमपट्टीसाठी भंडाऱ्याला न्यायचं होतं. स्पीकरवर भाऊंनी विचारलं, "कुठं जाचं हाये, माय?" आणि आई म्हणाली, "गावाले."

आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. मी खुणेनं दवाखाना, दवाखाना करत होते. आईने माझ्याकडे पाठ फिरवली. "मले एकदा गावाले जाचं हाये, भाऊ. मराच्या आंधी."

मला वाटलं, भाऊ आता तिला समजावतील. ते म्हणाले, "दवाखान्याचे प्रवासी पहिले, माय. रविवारी गाडी मोकळी हाये. चालन?"

वस्तीत कुरकुर झालीच. दवाखान्याची गाडी पाणी पाहाले कायले, असं चारचौघांनी ओट्यावर येऊन विचारलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "एसटीत बसल्यावर कंडक्टर कधी इचारते का, कायले चालला म्हनून? कुठचं तिकीट, येवढंच इचारते." मीही त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की ती तिथं रडेल, तिला सोसणार नाही. "रडू द्या जी," ते म्हणाले. "रडाले बी कुठं तरी जावं लागते मानसाले."

दोघंही आता नाहीत. आई त्याच वर्षी पावसाळ्यात गेली. भाऊ मागच्या वर्षी गेले, छातीत कळ आली आणि संपलं. व्हॅन चालू आहे, फोन त्यांची सून घेते. पण भाऊ म्हटलं की मला तो रविवारच आठवतो.

उन्हाळ्यामुळे पाणी मागे सरलं होतं. जुना डांबरी रस्ता जिथे सरळ पाण्यात शिरतो तिथे ड्रायव्हरने गाडी थांबवली. भाऊही सोबत आले होते. आईला उतारावरून चाकांच्या खुर्चीसकट खाली घेतलं. तिने पाण्यावरून नजर फिरवली. मग वाळलेल्या एका पिंपळाच्या शेंड्याकडे बोट करून म्हणाली, "तो विहारातला पिंपर. त्याच्या अल्याड आपलं घर." बोट हळूहळू जवळ आलं, अगदी समोरच्या उथळ पाण्यावर. "हे आंगन."

"जाचं का?" भाऊंनी विचारलं. आईने मान डोलावली.

भाऊंनी खुर्चीला हात घातला आणि थांबले. पायातल्या चपला काढून त्यांनी डांबरावर ठेवल्या. ड्रायव्हर म्हणाला, "काहून जी? काटे असतीन पान्यात."

"बाईचं आंगन हाये नं. चपला घालून कसा जाऊ?"

ड्रायव्हरनेही बूट काढले. दोघांनी खुर्ची पाण्यात नेली. चाकं अर्धी बुडाली, आईचा पाय घोट्यापर्यंत. मला वाटलं होतं ती रडेल. रडत मी होते. आईने पदर नीट केला, मागे वळून भाऊंकडे पाहिलं.

"बसा भाऊ. चाय मांडू का?"

"मांडा जी," भाऊ म्हणाले, आणि तसेच, धुतलेल्या पांढऱ्या पायजम्यासकट, पाण्यात मांडी घालून बसले.