राखणदाराचा जिताडा

स्वतःच्याच तळ्याची राखण करायला सरकारी शिट्टी मिळालेला माणूस नव्या मुंबईत बहुधा एकच असेल. त्याचं नाव गोटीराम भोईर. तळं त्याच्या आजाने खणलेलं. वाशीकडच्या खाडीकाठी त्यांची भातशेती होती, शेताला लागून हे तळं आणि तळ्यात जिताडे, खाडीतले मोठे चविष्ट मासे. पावसाळ्याच्या सुरुवातीला खाडीच्या बांधावर जिताड्याची बोटभर पिल्लं धरायची, गोड्या पाण्यात सोडायची आणि चार-पाच वर्षं वाढवायची, ही तिथल्या आगरी गावांची जुनी रीत. वाढलेला जिताडा घरात मात्र क्वचितच शिजायचा. एखादा लेकीच्या लग्नात, बाकीचे साहेबांच्या घरी. सातबाऱ्यावर नाव चढवायचं असो की बांधाचा तंटा, आधी जिताडा पुढे जायचा, मग कागद हलायचा.

त्यामुळे नव्या शहरासाठी जमिनी घ्यायचं निघालं, तेव्हा गोटीरामने रीतीप्रमाणे तीन जिताडे तीन साहेबांकडे पोचवले. साहेबांनी ते बोटं चाटत खाल्ले आणि सावकाश जमीनही घेतली. तेव्हापासून गोटीराम गावभर सांगत सुटला, "जिताडा बी गेला नि जमीन बी गेली. आता माज्या तल्यातला मासा एका बी साहेबाच्या ताटात जानार नाय." चौथा जिताडा, सगळ्यांत लहान, तळ्यात उरला होता. शपथ झकास होती. तळं आता त्याचं नव्हतं, एवढीच काय ती अडचण.

पुढे तळ्याभोवती बगीचा झाला. दगडी काठ आला, कुंपण आलं, सिमेंटची दोन बदकं आली आणि 'मासे पकडण्यास सक्त मनाई आहे' असा फलक आला. गोटीरामला राखणदार नेमलं. रोजंदारीवर. खाकी शर्ट, काठी आणि शिट्टी. "वर्षभरात कायम करू," असं साहेब म्हणाले, आणि हे वाक्य ते दरवर्षी न चुकता म्हणत राहिले. गोटीरामची बायको पुतळा तोंडाची फटकळ. "चोरांनी मालकालाच घराची राखन दिली," ती शेजारणींना सांगायची. पण कायम होण्यावर तिचाही जीव अडकला होता. कायम झाला की म्हातारपणी पेन्शन, आणि जमीन गेली तरी नोकरी आली, असं चारचौघांत सांगता येणार होतं. गोटीरामला पेन्शनपेक्षा हे सांगणंच जास्त हवं होतं.

त्र्याऐंशी साली बगीच्यांचे अधिकारी सबनीस साहेब परदेशात प्रशिक्षणाला जाऊन आले. तिकडे लोक बागेतल्या तळ्यात गळ टाकून बसतात आणि सुखी असतात, एवढं ते शिकून आले. लगेच फलक बदलला. 'हौशी गळ केंद्र. सर्वांसाठी खुले.' काठाचे तीन भाग पाडून पाट्या लावल्या: नवशिके, मध्यम, तज्ज्ञ. माशांना या पाट्या वाचता येत नव्हत्या, पण तेवढा विचार करायला कचेरीत कुणाला वेळ नव्हता.

केंद्राचे अध्यक्ष झाले मधुकर टिपणीस. गिरगावातून सेक्टरमधल्या फ्लॅटात राहायला आलेले, बँकेत नोकरीला. मासळी खाण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. धरण्याचा अनुभव म्हणाल तर बाजारात शेपटीला धरून ताजेपणा बघण्याचा. पण मेव्हण्याने दुबईहून आणलेली, दोरा गुंडाळायचं चाक असलेली गळाची काठी फक्त त्यांच्याकडे होती, म्हणून अध्यक्षपद त्यांच्याकडे चालत आलं. दर रविवारी हिरवळीवर रांग लावून ते कोरड्या जमिनीवर गळ फेकायला शिकवत. एकदा त्यांचा स्वतःचा गळ रांगेतल्या स्मितावहिनींच्या अंबाड्यात अडकला. केंद्राच्या इतिहासातली ती पहिली पकड. सहा रविवार भरले की प्रमाणपत्र मिळे आणि नवशिका मध्यम होई. मासा डोळ्यांनी न बघता कित्येकजण तज्ज्ञ झाले. गोटीराम हे सगळं शिट्टी दातांत धरून बघायचा, म्हणजे हसू बाहेर येत नसे.

तळ्यात नारळ वाढवून रोहू-कटल्याची दोन हजार पिल्लं सोडली होती. दोन महिन्यांत एकही दिसेना. पुन्हा दोन हजार सोडली, तीही गेली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तज्ज्ञ मंडळी कणकेच्या गोळ्या लावून दुपारभर बसत आणि हात हलवत घरी जात.

मासे कुठे जातात ते गोटीरामला पक्कं ठाऊक होतं. चौथा जिताडा आता लहान राहिला नव्हता. जिताडा कणकेला तोंड लावत नाही. त्याला जिवंत मासा लागतो, आणि कचेरी तो फुकट पुरवत होती. संध्याकाळी सिमेंटच्या बदकांपाशी पाणी एकदम फाटायचं, तेव्हा गोटीरामला मनापासून आनंद व्हायचा. भोईरांच्या घरातलं एक माणूस तरी सरकारी खर्चाने जेवत होतं.

मग चौकशी लागली. "कुंपणच शेत खातंय," असं टिपणिसांनी तज्ज्ञ मत दिलं. सबनिसांनी गोटीरामला बोलावलं. "चार हजार मासे गेलेत. रविवारी केंद्राची पहिली स्पर्धा आहे, तिला मोठे साहेब येतायत. त्यांच्यासमोर तळ्यातून मासा निघाला तर तुला कायम करतो. नाही निघाला तर चोरीचा ठपका ठेवून काढतो."

गोटीराम दोन दिवस तळ्याभोवती फेऱ्या मारत राहिला. जिताड्याचं नाव सांगावं तर तो सरळ साहेबाच्या ताटात जाणार. न सांगावं तर आपण चोर. शेवटी पुतळाच म्हणाली, "शपथ तुजी एकट्याची हाय, पोट दोघांचं हाय. काढ त्याला बाहेर. आनि सगल्यांम्होरं सुरीनं त्याचं पोट फार. आत रोहूची पिल्लं गावतील, मंग चोर कोन ते त्यांनाच कलंल." हे मात्र गोटीरामला पटलं.

रविवारी मांडव पडला. तिन्ही गटांनी दोन तास गळ टाकले. मध्यम गटाला एक चप्पल मिळाली, तज्ज्ञांना तीसुद्धा नाही. मोठे साहेब जांभया देऊ लागले, तसे सबनीस गोटीरामकडे बघू लागले. गोटीरामने शिट्टी काढून खुर्चीवर ठेवली. हातदोरीच्या गळाला जिवंत कोळंबी टोचली आणि बदकांच्या बाजूला जाऊन दोरी सोडली. बिडी ओढून व्हायच्या आत हिसका बसला. पाव तास तो गुडघाभर पाण्यात दोरी सोडत-ओढत होता. मग नऊ-दहा किलोंचा जिताडा गवतावर येऊन पडला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोटीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. बोटाएवढा होता तेव्हा त्यानेच त्याला पाण्यात सोडलं होतं. टिपणिसांना मात्र प्रश्न पडला, की याला बसवायचा कुठल्या गटात? बरीच चर्चा झाली. गोटीरामकडे प्रमाणपत्र नव्हतं, तेव्हा नवशिक्यांमध्ये पहिला नंबर देऊन त्याला प्लास्टिकची साबणदाणी दिली.

साबणदाणी तशीच हातात धरून गोटीरामने हात जोडले. "साहेब, याचं पोट हितंच फारा. तुमचं मासं यानंच खाल्लंत. मी नाय खाल्लं."

मोठे साहेब दोन पावलं मागे सरले. "इथे? लोकांसमोर? आणि उन्हात मासा खराब होईल त्याचं काय?"

सबनिसांनी खूण केली. मोठ्या साहेबांचा ड्रायव्हर, दिघा गावचा हिरामण, याने जिताडा ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि डिकीत ठेवला. गाडी गेली. पुरावाही गेला.

आठवड्याने कागद आला. गोटीरामने तो गावच्या शाळेतल्या नामदेव मास्तरांकडून दोनदा वाचून घेतला. कागदात लिहिलं होतं की, जिथे प्रशिक्षित सभासदांना यश आले नाही, तिथे सदर राखणदाराने पंधरा मिनिटांत मोठा मासा काढला. त्यावरून तो मासेमारीत निष्णात असल्याचे सिद्ध होते. सबब आधीचे चार हजार मासे कोणी काढले, याबद्दल शंका उरत नाही. सेवा समाप्त.

पुढच्या हंगामात तिसऱ्यांदा पिल्लं सोडली. आता त्यांना खायला तळ्यात कुणी नव्हतं. वर्षभरात तळं माशांनी नुसतं भरून गेलं. कणकेच्या गोळीलाही रोहू लागायला लागले. दुसरी स्पर्धा आली तेव्हा गोटीराम कुंपणाबाहेर उभा होता. आत टिपणीस कर्ण्यावरून सांगत होते, "राखणदार बदलला आणि चोरी थांबली. यापेक्षा अधिक काय बोलू?" खरंच, अधिक बोलायची गरज नव्हती. गावातल्यांनीही मान डोलावली. पावणे गावात दिलेल्या लेकीच्या सासऱ्याने तर, "आमाला कदी एक रोहू बी धाडला नाय," अशी तक्रार केली.

मोठ्या साहेबांची गाडी कुंपणालगत उभी होती. हिरामण फडक्याने काच पुसत होता. गोटीराम त्याच्यापाशी गेला.

"त्या जिताड्याचं पोट कोनी फारलं?"

"मीच. साहेबांच्या बाईंना जमना."

"आत काय निगालं?"

हिरामणने फडकं झटकलं. "मासे. बोटाएवढे. दोन ओंजळी भरल्या. मांजरांना टाकले."

"साहेबाला बोलला नाय?"

"विचारलंच नाय कुनी," हिरामण म्हणाला. मग आजूबाजूला बघून त्याने आवाज उतरवला. "आनि मी पन रोजंदारीवरच हाय ना, काका. औंदा कायमची ऑर्डर निघनार, असं साहेब बोललेत."

आत टाळ्यांचा कडकडाट झाला. कुठल्याशा नवशिक्याने दुसरा रोहू काढला होता. त्या ऑर्डरीची वाट कशी बघतात, ते गोटीरामला चांगलं माहीत होतं. त्यामुळे हिरामणवर त्याला धड रागावताही येईना, आणि याचाच राग त्याला सगळ्यांत जास्त आला.