दोन बोटांचं तोंड

"महाग होऊ दे, मंग सोडतो," हे देवसिंगचं पालुपद. फुलसावंगीजवळच्या तांड्यात त्याची कापसाची शेती. तंबाखूवर कर वाढला, सुगंधी तंबाखूवर बंदी आली, सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेल्या खर्ऱ्याची पुडी दुपटीनं महागली. देवसिंगनं एका पुडीत दोन दिवस काढले, पण खर्रा सोडला नाही. यंदा डॉक्टरनं आ करायला लावलं, तर तोंडात तीनऐवजी दोनच बोटं शिरली; खर्ऱ्यानं जबडा आखडत चालला होता. त्या दिवसापासून त्यानं खर्ऱ्याला हात लावला नाही. बायको गंगी एकेक दिवस मोजत होती.

चौदाव्या दिवशी वेचणीच्या बाया आल्या आणि शेताच्या कडेला धुऱ्यावरच बसून राहिल्या.

"खर्रा नाही त वेचणी नाही, दादा. बाजूच्या वावरातला मालक सोता घोटून देते."

"मी सोडला ना, बाई."

"तुमी सोडला. आमी कुठी सोडला?"

कापूस बोंडांतून लोंबत होता आणि आभाळ भरून आलं होतं.

"घोटून देतो फक्त, खात नाही," देवसिंग गंगीला म्हणाला.

"आन् चव कोन पाहीन?"

तो पानठेल्याच्या वाटेला लागला. बाया कापसासाठी ओचे बांधू लागल्या. गंगी मात्र तो वळणाआड जाईपर्यंत धुऱ्यावर उभी राहून पाहत होती.