हाव

निलंग्यात बसस्टँडमागं मडिवाळप्पांचं कॅसेटचं दुकान होतं. आजूबाजूच्या गावांतली भजनी मंडळं तिथं यायची आणि अप्पा मागच्या खोलीत माईक लावून त्यांचं रेकॉर्डिंग करायचे. कुणी कितीही बेसूर गायलं तरी ते कुणाला वाईट म्हणायचे नाहीत. मी शेजारचा शिंपी. भिंत एकच, त्यामुळं ते सगळं बेसूर मीही फुकटात ऐकलंय.

खोलीला लागूनच स्वयंपाकघर. मिक्सरची घरघर टेपात शिरू नये म्हणून अप्पा आत विचारत, "अगं, मिक्सर बंद हाय का?" आतून नीलाबाई म्हणत, "हाव." पण हा गडबड्या माणूस बटण आधी दाबायचा आणि विचारायचा नंतर. त्यामुळं प्रत्येक मूळ कॅसेटच्या सुरुवातीला हे बोलणं आहेच. गिऱ्हाइकाला कॉपी देताना तेवढा तुकडा ते गाळत आणि वर बायकोवरच चिडत.

नीलाबाई गेल्या, तशा अप्पांनी कॅसेटी ट्रंकेत भरून ठेवल्या. टेप बिघडलाय, म्हणायचे. टेप ठणठणीत होता, तो लावायची हिंमत नव्हती, एवढं मला शेजारी राहून कळत होतं.

यंदा त्यांचा पुतण्या मृत्युंजय ती ट्रंक लातूरला घेऊन गेला. तो आणि मुरुडची वर्षाराणी मिळून कॉम्प्युटरवर संगीत करतात. गाणारा नाही, पेटी-तबला नाही. जुने आवाज घ्यायचे, ताणायचे, एकमेकांवर चढवायचे. पहिला अल्बम होत आला तसे दोघं तो अप्पांना ऐकवायला आले. मलाही बोलावणं होतं.

आधी नुसती खरखर. मला वाटलं, यांचंही काहीतरी बिघडलंय. मग अप्पांचा तरुणपणचा आवाज आला, "मिक्सर बंद हाय का?" आणि पाठोपाठ, "हाव." मग दुसरं, तिसरं. कधी हसत म्हटलेलं, कधी वैतागून, शेवटी शेवटी दम लागून. खाली संथ ठेका, आणि नीलाबाई हाव म्हणतच राहिल्या.

अप्पांनी हात वर करून ते थांबवलं. हे काढून टाका म्हणाले. दुकानाची चूक आहे ती, लोक हसतील. पोरांनी वाद घातला नाही. मृत्युंजय एवढंच म्हणाला, की अल्बमचं नावसुद्धा 'हाव'च ठेवलंय, पण काकांना नको असेल तर पुसून टाकू. आमच्याकडं हाव म्हणजे हो, पुण्याकडं हाव म्हणजे लोभ. तिकडच्यांनी काय अर्थ लावायचा तो लावावा.

अप्पा स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत बसले. पदराला हात पुसत नीलाबाई तिथंच उभ्या राहायच्या. ते दिवस मला परत हवेत, उगाच कशाला लपवू?

"काका," वर्षाराणीनं हळूच विचारलं, "राहू द्यायचं का?"

अप्पांनी डोळे पुसले.

"हाव," ते म्हणाले.