हसला की मेला

महानंदाकाकूंचा आवाज तुम्ही बहुतेक ऐकलेला असणार. मोबाईलवर कुणीतरी हसू दाबत बसलेला असतो, मागून एक बाई 'हसला की मेला' म्हणून ओरडते, लगेच लवंगी फटाका फुटतो आणि त्या माणसाची फजिती होते. ती बाई म्हणजे सोलापुरात आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या काकू. त्यांनी आजवर कुणाला साधा दम दिलेला नाही, मरायमारायची भाषा तर लांबच.

काकूंची ओळख अनारशांची. तांदूळ भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाळवून कुटायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं, हा सगळा कुटाणा त्या एकट्या करतात आणि दिवाळीला अर्धी पेठ त्यांच्याकडून अनारसे नेते. गूळ जरा जास्त झाला तर अनारसा तुपात पडल्या पडल्या फुटून पसरतो. त्याला आपल्याकडे 'अनारसा हसला' म्हणतात. काकूंचा हसत नाही, अशी ख्याती. माझा दरवर्षी हसायचा, म्हणून मी करायचंच सोडून दिलं.

गेल्या दिवाळीत त्यांची सून अंकिता माहेरच्या ग्रुपवर टाकायला व्हिडिओ काढत होती, आणि नेमका तेव्हाच अनारसा हसला. गूळ नव्या दुकानातला होता, चिकट निघाला. काकूंच्या तोंडून गेलं, "हसला की, मेला!" म्हणजे, हसला बघ मेला. पण आमचा हा 'की' बाहेरच्यांना कुठून कळणार? अंकिताचं सांगोल्याचं माहेर ओलांडून व्हिडिओ पुढे गेला, तसा ऐकणाऱ्यांनी आपला अर्थ लावला: जो हसेल तो मेला. मग काय, वर्गातली पोरं, साहेबापुढचे कारकून, फोटोला उभे नवरदेव, सगळ्यांच्या मागे आमच्या काकूंचा आवाज. यंदा दिवाळी जवळ आल्यावर कुणा रिकामटेकड्यानं त्याला फटाका जोडला. गेल्या वर्षीच्या व्हिडिओंत लक्ष्मीपूजनाला गंभीर चेहऱ्यानं बसलेली अख्खी घरं त्या आवाजावर फुटू लागली.

मला संताप यायचा. लोक हसतात याचं काकूंना मात्र काहीच नव्हतं.

"लोकं हसंनात का," त्या म्हणाल्या. "पर सगळ्या दुनियेनं माजा हसलेला अनारसा बगितला. इतकी वर्सं चांगले केले, ते कुणी बगितले न्हाईत."

अंकिताला त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. पण यंदा कोजागिरी झाली तरी तांदूळ भिजत पडले नाहीत. गिऱ्हाईक आलं की "औंदा न्हाय जमायचं" म्हणून वाटेला लावायच्या. अंकिता रडकुंडीला आली होती. सासूचं नाव आपल्या हातून गेलं, हे तिच्या मनातून जाईना.

अशात दिवाळी बाजार भरवणारा शिवराज दारात आला. "काकू, स्टेजवर या. एकदा तेवढं बोलून दावा. गर्दी होतीय बगा."

मी त्याला हाकलणारच होते. काकू म्हणाल्या, "येते की. पर कढई मांडायची. तितंच तळणार मी."

शिवराज खूश. त्याला वाटलं, बाई मुद्दाम एक हसवून दाखवणार. त्याच दुपारी काकूंनी तांदूळ भिजत घातले, आणि गूळ जुन्या दुकानातून आणायला मला पाठवलं.

बाजारात गर्दी झाली, मोबाईल वर झाले. खसखशीवर थापलेला अनारसा काकूंनी तुपात सोडला. झाऱ्यानं वरून तूप उडवत राहिल्या. हळूहळू जाळी पडली, बदामी रंग आला. लोक वाट बघत उभे.

शिवराजनं माईक पुढे केला. "काकू, बोला की ते."

"काय बोलू? हसला न्हाय की." काकूंनी अनारसा झाऱ्यावर घेऊन मोबाईलसमोर धरला. "ह्यो बी दावा सगळ्यास्नी."

लोकांना काही कळलं नाही. एकेक मोबाईल खाली गेला. शिवराजनं घाईघाईनं स्पीकरवर जुना आवाज लावला, फटाक्यासकट, आणि त्यावर टाळ्या पडल्या. काकूंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या पुढचा अनारसा थापत होत्या.

अंकितानं मात्र सगळं टिपलं होतं. तिनं तो व्हिडिओ सगळीकडे टाकला. कुणी पुढे पाठवला नाही. पाठवणार तरी काय, एक अनारसा नीट तळला जातो, संपलं. पेठेतल्या बायका पुन्हा डबे घेऊन येऊ लागल्या, तेवढं बरं झालं.

पण काकू रोज संध्याकाळी विचारतात, "बगितला का गं कुणी?"

"लई जणांनी, आई," अंकिता सांगते. "आज तर पार मुंबईच्या लोकांनी बगितला."

मग काकू माझ्याकडे वळतात. "व्हय गं?"

मी व्हय म्हणते. तेव्हा अंकिताकडे बघत नाही.